वरचा कप्पा, खालचा कप्पा

आमच्या ऑफिसात भीती वाटण्याचं काम राव सारांकडे होतं. 'वाटणं' दोन्ही अर्थांनी घ्यावं. आम्ही संगणकावरचा एक खेळ तयार करत होतो, आणि त्यातल्या कुठल्या माणसाला कशाची भीती द्यायची हे सार, म्हणजे तमिळ तोंडातले 'सर', ठरवत. पण आचाऱ्याने पदार्थ वाढण्याआधी चाखून बघावा तशी प्रत्येक भीती त्यांनी आधी स्वतःला लावून बघितलेली असे, आणि त्यातल्या बहुतेक त्यांना कायमच्या चिकटल्या होत्या. लिफ्टची भीती, एसीच्या झोताची भीती, शेअर ऑटोत कडेला बसण्याची भीती. शोळिंगनल्लूरच्या त्या काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जिन्याने येणारा एकच माणूस होता, आणि त्याच्या कानांभोवती मफलर असे. चेन्नईत, मे महिन्यात.

खेळात राक्षस नव्हते की बंदुका नव्हत्या. एक वसाहत होती, तिच्यात घरं होती, घरात माणसं होती. खेळणाऱ्याने त्यांना जेवू घालायचं, कामावर धाडायचं, त्यांची लग्नं लावायची, भांडणं मिटवायची. प्रत्येक माणसाच्या नावापुढे दोन कप्पे असत. वरच्या कप्प्यात त्याच्या इच्छा, खालच्यात भीती. इच्छा पुरी झाली की त्याच्या आनंदाची पट्टी हिरवी होई. भीती खरी झाली की पट्टी लाल होई आणि तो माणूस पलंगावर डोकं धरून बसे. मग कामावरही जात नसे आणि जेवतही नसे. कुणाच्या कप्प्यात काय पडायचं हे त्याच्या स्वभावावर, वयावर आणि कालच्या दिवशी त्याच्यावर काय गुदरलं त्यावर ठरे. हे सगळं ठरवणारा जो कोणी असेल तो मोठा मानसशास्त्रज्ञ असणार, अशी माझी नोकरीला लागताना समजूत होती. निघाले राव सार. विम्याच्या कचेरीत जन्म काढलेले आणि संध्याकाळी वेस्ट मांबलमच्या सभांसाठी, म्हणजे तिथल्या नाट्यसंस्थांसाठी, हौशी तमिळ नाटकं लिहिणारे. आमच्या कंपनीच्या मालकाने लहानपणी त्यांचं एक नाटक पाहिलं होतं, आणि सार निवृत्त होताच त्याने त्यांना उचलून आणलं.

मी साताऱ्याची. खेळातल्या चुका शोधणं हे माझं काम. पहिल्याच दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी एक मफलरवाले गृहस्थ माझ्याजवळ आले, मी मराठी आहे हे त्यांना कुठूनसं कळलं होतं, आणि हळू आवाजात म्हणाले, "तुज काय होणें?" नव्या ऑफिसात नवा माणूस असं विचारतो म्हणजे मुलाखतीचाच उरलेला भाग असणार, असं मला वाटलं. मी सरळ उभी राहून सांगितलं की पाच वर्षांत मला टीम लीड व्हायचं आहे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सेरी, बरें. तें मागाहून बघूं. आत्ता कॉफी होणें की चहा?"

सारांचं घराणं तंजावरचं. तिथले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलत आले, आणि त्यांच्या बोलीत 'पाहिजे'ला 'होणें' म्हणतात. पाणी होणें, मीठ होणें, सुटी होणें. मला हसू आवरेना तेव्हा सार म्हणाले की हा शब्द नीट ऐक, जो मनुष्य जें मागतो तेंच तो होत जातो, मग दोन शब्द कशास? हे त्यांनी तिथल्या तिथे रचलेलं होतं असा माझा संशय आहे. नाटककार माणूस. पण त्यांच्या खेळाच्या कागदांवर इच्छांच्या कप्प्याला 'होणें' आणि भीतीच्या कप्प्याला 'भें' असंच लिहिलेलं असे, आणि तमिळ पोरंही मीटिंगमध्ये 'ओणे' आणि 'बे' म्हणायला लागली होती.

त्यांच्याशी माझी खरी ओळख एका भांडणातून झाली. खेळात एका बाईच्या वरच्या कप्प्यात 'लग्न' आलं आणि खालच्या कप्प्यातही 'लग्न' आलं. लग्न झालं की ही बाई एकाच वेळी उड्या मारणार आणि डोकं धरून बसणार. मी ती गंभीर चूक म्हणून नोंदवली. संध्याकाळपर्यंत चूक बंद केलेली आणि खाली सारांचा शेरा: चूक नाही, बाई खरी झाली. मी पुन्हा उघडली, त्यांनी पुन्हा बंद केली. शेवटी ते स्वतः माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले की ज्या गोष्टीचं भय नाही ती गोष्ट माणसाला मनापासून हवीच नसते. आमचा मॅनेजर कार्तिक व्यवहारी होता. त्याने मध्ये पडून ठरवलं की असं घडू द्यावं, पण क्वचित. सार जाताना मला म्हणाले, "तुझ्या लग्नाच्या वेळीं बघूं कोठला कप्पा जिंकतो."

त्यानंतर त्यांना छंदच लागला. जेवणाच्या सुटीत दहीभात खाता खाता ते एकेकाचे कप्पे भरत. कार्तिकच्या वर 'बढती', खाली 'बढतीबरोबर येणारी माणसं'. कॅन्टीनवाल्याच्या वर 'आज सगळी इडली खपावी', खाली 'उरलेली आपल्यालाच खावी लागेल'. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. त्या दिवसांत आई दर रविवारी एकेक स्थळ घेऊन फोन करत असे. सारांनी माझ्या वर लिहिलं 'घरून फोन यावा' आणि खाली लिहिलं 'घरून फोन यावा'. मी रागावले, पण तो कागद टाकून दिला नाही.

त्यांचे स्वतःचे कप्पे कोण भरणार, हा प्रश्न आम्ही पोरं त्यांच्या पाठीमागे चघळत असू. खालचा कप्पा तर ओसंडून वाहत होता. वेलचेरीत मी राहायची तिथे जरा पाऊस झाला की सारांचा फोन येई, पाणी कुठवर आलं ते विचारायला; आणि मी 'अजून पाऊसच सुरू व्हायचाय' म्हटलं तरी त्यांचं समाधान होत नसे. त्यांच्या घरी जेवायला गेले की मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ताटात डांगर पच्चडी वाढता वाढता म्हणत, "सगळ्या जगाचें भें यांस. मज काय उरलें?" उडदाचं पीठ दह्यात कालवलेली ती पच्चडी खाताना मला दर वेळी साताऱ्याचं आमचं डांगर आठवे. मी तसं म्हटलं की सार खायचे थांबत आणि विचारत, "तिकडे असेंच असतें?"

तिकडे म्हणजे महाराष्ट्रात. त्यांच्या घरात महाराष्ट्राला तिकडेच म्हणत, आणि घरातलं कुणी कधी तिकडे गेलेलं नव्हतं. सारांना तिकडचं काय काय विचारायचं असे. पण किल्ले नाहीत, देवळं नाहीत. तिकडे भाजीवाली मराठीत भांडते? पोलीस मराठीत ओरडतो? बसमध्ये कुणाचा पाय तुडवला तर तो मनुष्य मराठीत बोंबलतो? मी हो म्हटलं की त्यांना ते पटायला वेळ लागे. त्यांच्या लेखी मराठी ही उंबऱ्याच्या आतली भाषा होती, बायकोशी, भावाशी आणि देवाशी बोलायची. चप्पल घातली की तमिळ. सबंध रस्ताच्या रस्ता मराठीत बोलतो हे त्यांना डोळ्यांपुढे आणता येत नसे. एकदा मांबलम स्टेशनच्या पुलावर गर्दीतून उतरताना ते मला म्हणाले की आयुष्यात एकदा मीं रस्त्यावर मराठींत कांहीं मागावें आणि अनोळखी मनुष्यानें मराठींत उत्तर द्यावें, एवढेंच होणें.

मग गेला का नाहीत इतक्या वर्षांत, असं मी विचारलं. गाडी तर रोज सुटते.

"हंसतील," ते म्हणाले. "अमचें मराठी ऐकून हंसतील."

म्हणजे वरच्या कप्प्यात 'तिकडे', खालच्या कप्प्यातही 'तिकडे'. आम्हा पोरांना कोडं सुटल्याचा फार आनंद झाला, आणि पुढे कित्येक दिवस कुणीतरी येता-जाता 'सार, तिकीट काढू का' म्हणून त्यांना छेडत असे. ते मफलर घट्ट करत.

त्यांना जावं लागलं ते खेळामुळेच. कंपनीने खेळ मराठीतही काढायचं ठरवलं, आणि सगळ्या इच्छा-भीती मराठीत लिहायचं काम साहजिकच सारांकडे आलं. त्यांनी ते देवपूजेसारखं मन लावून केलं. 'नवें घर होणें', 'लेकीचा फोन होणें', 'शेजाऱ्याचें भांडण नको', 'एकलें राहण्याचें भें'. मी वाचून दाखवताना हसायची आणि मग एखाद्या ओळीपाशी थांबून ती पुन्हा वाचायची. मी त्यांना म्हटलंही की तिकडे 'हवंय' म्हणतात. ते म्हणाले, तिकडच्यांस कळेल. कागद पुण्याच्या एका कंपनीकडे तपासायला गेले आणि आठवड्याने उत्तर आलं. अगदी सभ्य उत्तर होतं. त्यात एकच प्रश्न विचारला होता: हे भाषांतर यंत्राकडून करून घेतलं आहे का?

सार त्या दिवशी दहीभात खाऊन झाल्यावर कुणाचेच कप्पे न भरता उठून गेले. मला फार वाईट वाटलं. पुण्याच्या लोकांचा तसा दोष नव्हता, त्यांनी ही बोली कधी ऐकलीच नव्हती, पण त्यांच्या त्या एका ओळीने एका माणसाच्या घरातली देवघरापर्यंतची भाषा यंत्राची ठरली होती. कार्तिक म्हणाला, हे मेल पाठवून मिटणार नाही, कुणीतरी जाऊन समोरासमोर बसा. सारांनी मान खाली घालून ऐकलं आणि मग म्हणाले की मी जातों. विमानाची भीती होतीच, म्हणून आगगाडी, आणि सोबत मी.

त्यांचा एक नियम मी सांगायचा राहिला. खेळात भीती खरी झाली की ती खालच्या कप्प्यातून निघून जाते. तिची धार जाते. गाडीत हा नियम ते स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगत होते. एकदा हंसले की सुटलों. सोलापूर यायच्या आधीच ते मफलर काढून, केस विंचरून तयार बसले होते. फलाटावर चहावाला आला. सारांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि सगळं बळ एकवटून म्हणाले, "बाबा, दोन चहा होणें. केवढ्यास?"

चहावाला हसला नाही. त्याने दोन कप भरले आणि म्हणाला, "लो अंकल, छुट्टा देना."

सार माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, गडबडीत असतात हे लोक. पुण्यात रिक्षावाल्याला त्यांनी पत्ता विचारला, त्याने अदबीने हिंदीत सांगितला. हॉटेलातल्या पोऱ्याने हिंदीत पाणी विचारलं. फुलवाल्या बाई शेजारणीशी मराठीत बोलत होत्या. सारांनी मराठीत गजऱ्याचा भाव विचारला तर त्या त्यांच्यापुरत्या हिंदीत आल्या आणि आमच्याकडे पाठ वळताच पुन्हा मराठीत गेल्या. सगळा रस्ता मराठीत बोलत होता, मी सांगितलं होतं तस्साच. फक्त सार समोर आले की तो थांबत होता. कुणी हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं, कारण हसं होण्याची त्यांची तयारी होती.

बैठकीत पुण्याची माणसं चांगली होती. चहा, बाकरवडी, सगळं होतं. सारांनी आपल्या बोलीत 'होणें'ची बाजू मांडली, घरातले दाखले दिले, जुन्या मराठीतलं वळण सांगितलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. शेवटी त्यांच्यातल्या एक तरुण बाई अगदी मनापासून म्हणाल्या, "सर, तुमचं मराठी खरंच छान आहे हं. किती दिवसांत शिकलात?"

त्यांना कौतुकच करायचं होतं, यात मला तरी शंका नाही. सारांनी हातातली बाकरवडी बशीत ठेवली. मग म्हणाले की शिकलों नाहीं, मज आठवतें तेव्हांपासून आहे. त्या बाई ओशाळल्या आणि त्यांनी सारांना आणखी एक बाकरवडी वाढली.

शब्द बदलायला सारांनी लगेच मान्यता दिली. 'होणें' गेलं, 'हवंय' आलं. परतीच्या गाडीत खूप वेळाने ते म्हणाले, "हंसतील हें भें होतें. अपला समजणारच नाहींत, हें कप्प्यांत नव्हतेंच, अम्मा. मीच लिहिलें नव्हतें."

मी समजूत घालायला गेले, तर त्यांनी माझ्या वाटचं पांघरूणही मागून घेतलं; परतीला एसीचंच तिकीट मिळालं होतं आणि झोत जास्त होता म्हणून.

चेन्नईला आल्यावर त्यांनी एकच मागणी केली. मराठी खेळात प्रत्येक घराच्या कुंपणापलीकडे एक म्हातारा शेजारी असावा आणि तो आपल्या बोलीत बोलावा. पुण्याने गंमत म्हणून हो म्हटलं. या शेजाऱ्याच्या वरच्या कप्प्यात एकच इच्छा होती: कुणीतरी मराठीत उत्तर द्यावं. खालच्या कप्प्यात सारांनी लिहिलं, 'समोरचा हिंदींत बोलेल'. कार्तिकने ते वाचून कपाळाला हात लावला आणि यावरून उगाच वाद होईल म्हणून 'कुणी उत्तर देणार नाही' असं बदलून टाकलं. सारांनी भांडण केलं नाही. खेळ बाहेर पडला, त्या वर्षी सारांनी काम सोडलं, आणि पुढे माझं लग्न होऊन मी पुण्याला आले. कुठला कप्पा जिंकला असं त्यांनी लग्नाच्या दिवशी फोनवर विचारलं होतं. अजून बरोबरीत आहेत, असं मी सांगितलं.

मागच्या महिन्यात साताऱ्याला गेले तर आई आमचा खेळ, आता मोबाइलवरही निघालेला, खेळत होती. भावाने घालून दिला होता. मी मागे उभी राहून बघत होते. तिच्या घरातली बाई उपाशी होती, बाळ रडत होतं, भांडी तुंबली होती, आणि आई मात्र कुंपणापाशी. म्हातारा म्हणाला, "जेवण जालें? आज ऊन फार." खाली दोन बटणं आली, 'बोला' आणि 'दुर्लक्ष करा'. आईने 'बोला' दाबलं आणि वर स्वतः तोंडानेही म्हणाली, "झालं हो, तुमचं झालं का?" म्हाताऱ्याची पट्टी हिरवी झाली.

तो कोण आहे, कुणी लिहिला, हे मी आईला कधी सांगितलेलं नव्हतं. मी फक्त विचारलं की हा म्हातारा असा का बोलतो.

"असा म्हणजे कसा?" आई म्हणाली. "माझी आजी 'जालें'च म्हणायची. जुन्या वळणाचे आहेत, आपल्यातलेच आहेत." आणि पुन्हा 'बोला' दाबलं.

मी अंगणात जाऊन सारांना फोन लावला. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून जरा ओरडूनच सांगितलं. 

मग त्यांनी विचारलं, "मराठींतच म्हणाल्या?"

मराठीतच, मी म्हटलं.

तिकडून मामींना हाक मारल्याचं ऐकू आलं. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या की हात पिठाचे आहेत, मागाहून. सार म्हणाले मागाहून नाही, आत्ता. मग खुडबुड झाली, फोन पडला, कुणीतरी उचलला.

"स्पीकरवर घातलें आहे," सार म्हणाले. "त्या काय म्हणाल्या, तें अणखी एकदां सांग."

मी सांगितलं. मामींनी ऐकलं नाही म्हणून परत सांगितलं. आणि मग सारांनी ऐकलं नाही असं ते म्हणाले, म्हणून आणखी एकदा सांगितलं.